वारा पडला त्या बंदरात

कारखान्यांसाठी भोसरीतली आमची जमीन गेली, तेव्हा घरातल्या एकालाच नोकरी मिळाली. मी थोरला म्हणून मला. धाकटा सदा नांगर धरणारा, रानावर माझ्यापेक्षा त्याचाच जीव जास्त. त्याच्या हाती काहीच उरलं नाही. तो घरात धुमसत राहिला आणि एके दिवशी न सांगता निघून गेला. आईने भैरवनाथाला साकडं घातलं. मीही दर रविवारी नारळ फोडत होतो. मग कंटाळून देऊळ सोडलं. ज्याला आमचं रान राखता आलं नाही तो भावाला काय राखणार, असं मी आईच्या तोंडावर म्हणालो होतो.

शिमग्याला गावी जाऊन आलेला माझ्या शिफ्टमधला एक कोकणी सोबती म्हणाला, "तुझा भाऊ कौलं वाहणाऱ्या मचव्यावर आहे. गेल्या साली आमच्या गावातल्या एकाला तो बंदरावर भेटला होता, भोसरीचा सदा म्हणून." त्याने दक्षिणेकडच्या एका मोठ्या बंदराचं नाव सांगितलं. मी रजा टाकून एसटीने किनारा गाठला. तिकडेच निघालेल्या एका शिडाच्या मचव्याच्या तांडेलाने मला वर घेतलं. पिकल्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस होता. मी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. ओकाऱ्या काढत, शिडाच्या सावलीत पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. तांडेलाने वल्ही मारायला लावून मचवा एका खाडीत घातला.

"राव, मला पुढं जायाचं हाय. इथं काय काम हाय माजं?" मी चिडून म्हणालो.

"वाऱ्याला सांग," तो म्हणाला आणि टोपी तोंडावर घेऊन झोपला.

मी शिव्या देत किनाऱ्यावर उतरलो. गाव लहानसं होतं. चिऱ्यांची बुटकी घरं, मधून जाणारी अरुंद पाखाडी, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. उपड्या होडीच्या फटींत एक म्हातारा तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरत होता. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्याकाठी एक देवळी होती, आत शेंदूर फासलेला दगड. मी हात जोडले नाहीत. इथेही अडवलंस ना, एवढंच मनात आलं.

जेटीजवळ एक वयस्कर बाई सुकी मासळी घेऊन बसली होती. मी विचारलं, "आक्का, प्यायला पानी मिळंल का? लई तहान लागलीया."

तिचा हात टोपलीवरच थांबला. "काय म्हणालास? परत बोल."

"पानी मिळंल का, म्हनलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "असंच बोलायचा तो," ती म्हणाली. "तू भोसरीचा का रे? सदाचा थोरला?"

मी होय म्हणालो. तिथेच बसलो. मला पाणी पाजून तिने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर एका मचव्याने सदाला तापाने फणफणलेला असताना जेटीवर उतरवलं आणि मचवा निघून गेला. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. तिने त्याला आपल्या ओटीवर नेलं. वैद्य आणला, झाडपाला केला. कुठल्या जातीचा, कुठला, असं लोक विचारत होते. "माझ्या ओटीवर आलाय म्हणजे माझा," असं तिने सांगितलं. महिनाभरात तो गेला. शेवटचं पाणी तिने पाजलं, अग्नी तिच्या मुलाने दिला.

"घरी कळवलं न्हाई त्यानं?"

"गावाचं नाव सांगायचा. पुढचा पत्ता विचारला की भिंतीकडे तोंड करायचा."

"माज्याबद्दल काय बोलला?"

तिने गोड खोटं सांगितलं नाही. "राग होता तुझ्यावर," म्हणाली. "तो राग घेऊनच गेला."

जिथे त्याला अग्नी दिला, तो वाळूचा तुकडा तिने मला दाखवला. तिथे काहीच नव्हतं. भरतीने केव्हाच सगळं धुऊन नेलं होतं. मग तिने मला घरी नेऊन भात वाढला. ताट संपेपर्यंत ती समोर बसून राहिली आणि मी जेवलो.

संध्याकाळी वारा आला. तांडेलाने हाक मारली. मला आता पुढे जायचं नव्हतं; त्याला जा म्हणून सांगितलं आणि परतीची एसटी गाठायचं ठरवलं. निघताना त्या देवळीसमोर उभा राहिलो. सकाळी मी वारा मागत होतो. तो मिळाला असता तर या गावावरून निघून गेलो असतो आणि जन्मभर बंदरं धुंडाळत राहिलो असतो. हे देवाने केलं की नुसतंच घडलं, मला ठाऊक नाही. हात आपोआप जोडले गेले.

घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा आई रडली नाही. तिने फक्त विचारलं, "शेवटाला कोन व्हतं त्याच्यापाशी?" मी त्या बाईचं सांगितलं. तिने नाव विचारलं, तेव्हा लक्षात आलं, की मी ते विचारलंच नव्हतं.

आता मी पुन्हा देवळात जातो. काही मागत नाही. सदाला परत दिलं नाहीस, हा राग मी भैरवनाथासमोर दर रविवारी ठेवतो, आणि त्याच्या उशाशी कुणीतरी बसवलंस, म्हणून त्याच रागासकट डोकं टेकवतो.