टीसी मागणारी सुजाता आणि आमचा यादगिरी क्लार्क

“अन्ना, मेरेकू टीसी होना. शनिवार तक मिलती क्या?”

हेडफोनमध्ये मुलीचा आवाज आला आणि मी खुर्चीत गार पडलो. टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. आमचं कॉलेज सुरू होऊन धड सहा आठवडे झाले नव्हते, आणि ही सोडून चालली होती. बरं, मागत होती कोणाकडे? माझ्याकडे. मी लेक्चरर!

तेव्हा हैदराबादेत गल्लोगल्ली सॉफ्टवेअर शिकवायची दुकानं निघाली होती. नेट कॅफेत नंबर लावून बसावं लागायचं. आमच्या राव सरांनी दिलसुखनगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर ऑनलाइन कॉलेज काढलं. पोरांना धड्यांची सीडी द्यायची, त्यांनी ती आपापली बघायची, आणि संध्याकाळी लेक्चररने एक तास नेटवर हजर राहायचं. अडलं तर विचारा. अमेरिकेत या तासाला ‘ऑफिस अवर’ म्हणतात, म्हणून आमच्या सीडीवरही तेच. राव सरांना अमेरिकेतलं सगळंच आवडायचं. मी उदगीरच्या मराठी शाळेतला आनंद. त्यांनी माझं ‘अँडी’ करून टाकलं.

त्याला कारण माझ्या नकला. इंटरव्ह्यूत मी इंग्रजी चॅनेलवरच्या गोऱ्या बातमीदारासारखं “वॉरर प्लीज” म्हणून पाणी मागितलं. राव सर खूष. “धिस व्हॉइस ओन्ली!” झालं. सगळ्या सीड्या मी त्याच आवाजात रेकॉर्ड केल्या.

ऑफिस अवरला मात्र कुत्रं फिरकेना. रोज हेडफोन लावून मी एकटाच बसायचो. पहिल्यांदा कोणी आलं, ते टीसी मागायला.

मग डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे कॉलेजचं ऑफिस म्हणजे काय? खिडकीमागचा क्लार्क. बोनाफाइड, फीची पावती, टीसी. अभ्यासातलं तिथे कोण विचारतं? पोरांनी ‘ऑफिस अवर’ वाचलं आणि त्यांना वाटलं, ही क्लार्कची खिडकी उघडायची वेळ!

मी खरं सांगणारच होतो. पण समोर आयता रोल आल्यावर माझ्यासारख्याला राहवतंय होय? गालात पान धरल्यासारखा आवाज काढला.

“बोलो मैडम, यादगिरी बोल रौं. टीसी कायकू होना?”

नेट इतकं तुटक चालायचं की नक्कल आणखीच खरी वाटायची.

“क्या बोलूं यादगिरी अन्ना,” ती म्हणाली. नाव सुजाता. दिवसा कोठी भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. “वो अँडी सर है ना, मुँह में गरम आलू रखके बोलते. ‘पॉयनर, पॉयनर’. मैं समझी किसी का नाम है.”

मी हसू दाबलं. “बाकी लोगां को समझता?”

“किसीकोइच नई. सब शरम से चुप हैं. पप्पा बोले, नई समझता तो छोड, मलकपेठ की दुकान पे बैठ. मेरेकू दुकान पे नई बैठना अन्ना. लेकिन फेल होके बैठने से टीसी लेके बैठी तो इज्जत रहती ना?”

हसू कुठल्या कुठे गेलं. किसीकोइच नई? अख्खी बॅच? मी स्वतःच्या आवाजावर फिदा होऊन भिंतीला शिकवत होतो की काय!

“मैडम, पॉइंटर मैं समझाऊं?”

“आप? आप तो क्लार्क!”

“हमारे यहां क्लार्कां को भी आता,” मी ठोकून दिलं. “कोठी में किताबां के बाजार गए कब्बी? फुटपाथ पे एक आदमी खडा रहता. उसके पास किताब नई रहती. वो बोलता, बाजू की गल्ली, नीला शटर. किताब शटर के पीछे. वो आदमी पॉइंटर. उसके पास माल नई, माल का पता.”

पॉइंटर खरंच एवढाच असतो. कॉम्प्युटरच्या मेमरीत वस्तू कुठे ठेवली आहे, तो पत्ता सांभाळणारा.

ती पलीकडून जवळजवळ ओरडलीच.

“बस? इत्ताइच?”

“इत्ताइच.”

“तो वो सर पूरी सीडी भर कायकू चिल्लाए?”

मी घाईघाईने विषय बदलला. “टीसी का क्या करना, मैडम?”

“रुको थोडा. दूसरा चैप्टर भी पूछ लेती.”

दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीला आणलं. मैत्रिणीने निजामाबादच्या भावाला. काही दिवसांत ऑफिस अवरला एकमेकांच्या आवाजावर आवाज. सगळ्यांना यादगिरीच पाहिजे. मी आपला खुशीत, रोज पान चघळल्यासारखा बोलतोय.

एका सकाळी राव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “कम, अँडी. स्टुडंट्स हॅव कम्प्लेंट.”

आत चार-पाच पोरं उभी. पुढे सुजाता, हातात उस्मानिया बिस्किटांचा डबा. अँडी म्हणजे मी, हे कळल्यावर तिने माझ्याकडे पाठ फिरवली.

“सर, इनको निकालो,” ती राव सरांना म्हणाली. “यादगिरी अन्ना को क्लास देव. नई तो हम सब को आज के आज टीसी देव. ये बिस्किट भी उन्हींच के वास्ते लाए.”

माझी नोकरी मीच खाल्ली होती!

“हू इज यादगिरी?” राव सर माझ्यावर डाफरले. “अपने ऑफिस में यादगिरी किधर है? अँडी, स्पीक!”

मी तोंड उघडलं. गोरा बातमीदार येईना, यादगिरी येईना. बाहेर पडलं ते थेट उदगीर. “अहो सर, ऐकून तरी घ्या...”

सुजाता गर्रकन वळली. “तुम्ही मराठी?”

मी मान हलवली. घसा खाकरला. “हौ मैडम. यादगिरी बोल रौं. टीसी होना क्या?”

डबा तिच्या हातून टेबलावर आदळला. राव सरांनी कपाळाला हात लावला.

“आम्ही पण घरात मराठीच बोलतो की!” सुजाता म्हणाली. आवाज रडवेला आणि डोळे आग ओकत होते. “मग एवढे दिवस अमेरिकेत कायको जाऊन बसले होते? मी टीसी घेतली असती, तर दुकानात तुम्ही बसले असते?”

एवढ्या नकला येतात, पण या प्रश्नाला एकही आवाज चालला नसता.

त्या दिवशी कोणी टीसी घेतली नाही. राव सरांनी कुरकुरत सगळ्या सीड्या साध्या आवाजात नव्याने करायला परवानगी दिली, आणि ‘ऑफिस अवर’ खोडून ‘डाऊट टाइम’ लिहिलं. सुजाता पास झाली. पहिल्या झटक्यात नाही, दुसऱ्या.

आता नवीन लेक्चरर माझ्याकडे तक्रार घेऊन येतात, ऑनलाइनला पोरं विचारतच नाहीत हो. मी त्यांना एवढंच सांगतो: त्या तासाच्या नावाचा काय अर्थ घेतलाय ते आधी पोरांना विचारा. आणि तोंडातला बटाटा गिळून मग विचारा.