तिसाव्या तिथीची श्यांगलान

माझ्या थोरल्या जाऊबाई, मू श्यांगलान, बाराव्या महिन्याच्या तीस तारखेला जन्मल्या. जुन्या पंचांगाची ही शेवटची तिथी, इंग्रजी फेब्रुवारीच्या आसपास येते. त्या संध्याकाळी झाल्या, दाईने हात धुतले आणि उजाडताच फटाके वाजून नवं वर्ष लागलं. आमच्याकडे मूल जन्मतःच एक वर्षाचं असतं आणि नव्या वर्षाला सगळ्यांचंच वय एकाने वाढतं. म्हणजे ही पोर एका रात्रीत दोन वर्षांची. डोळेसुद्धा नीट उघडले नव्हते.

लोक या गोष्टीवर हसतात. मलाही लग्न करून आल्यावर पहिल्यांदा हसू आलं होतं. पण ही दोन वर्षं जाऊबाईंच्या अंगाला जन्मभर चिकटली. गावच्या शेतावर कामाला सोळाव्या वर्षी घ्यायचे, तर ही खरी चौदाची मुलगी कावड खांद्यावर घेऊन सफरचंदांच्या डोंगरावर शेणखत वाहायला लागली. लग्नही तसंच. वीस म्हणून दिली, अंगाने अठराची. कष्टाच्या वेळी सगळ्यांनी जुनं पंचांग धरलं.

आणि काही मिळायची वेळ आली की नवं. त्यांच्या बापाने नोंद करताना सांगितलं होतं, बारावा महिना, तीस तारीख. लिहिणाऱ्याने इंग्रजी डिसेंबरची तीस तारीख टाकली, तीही त्या फेब्रुवारीनंतर येणारी. झालं. सरकारी ओळखीच्या कार्डावर त्या दहा महिने उशिरा जन्मल्या. म्हातारपणाची पेन्शन सुरू व्हायची तेव्हा खिडकीतला पोरगा म्हणाला, "आजी, तुमचं वय अजून भरलं नाही." बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "बघ, कोणीतरी मला तरुण म्हटलं." हसल्या नाहीत मात्र.

वाढदिवस तर त्यांना कधी लाभलाच नाही. तो दिवस वर्षअखेरचा. आमच्या भागात त्या दिवशी दुपारी पूर्वजांची नावं लिहिलेला मोठा पट भिंतीवर टांगतात आणि पूर्वजांना घरी बोलावतात. मग मासा, कोंबडी, खजूर लावलेले मोठाले वाफेचे पाव, पाण्यात उकडलेली सारणाची डंपलिंग. पुरुष पत्ते खेळतात, बायका चुलीपुढे. अशा दिवशी वाढदिवसाच्या, लांब आयुष्यासाठीच्या लांब शेवया कोण करणार? त्यांची आई करायची म्हणे, लग्नाआधी. पण पूर्वज घरात असताना सासरी गेलेल्या लेकीने माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही, भावांना वाईट असतं. लेकी येतात तिसऱ्या दिवशी, पूर्वज परत गेल्यावर. त्यामुळे लग्नानंतर जाऊबाईंना आईच्या हातच्या शेवया कधी मिळाल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या लेकीला, युनश्याला, तोच नियम. ती शेजारच्या गावात दिली आहे, मोटारीने जायला चहा निवणार नाही एवढ्या अंतरावर. पण त्या दिवशी ते अंतर कोणी पार करत नाही.

यंदा सकाळी आम्ही दोघी कणीक मळत होतो. खालून तापवलेल्या विटांच्या ओट्यावर बसूनसुद्धा त्यांचे पाय गार पडलेले. एकाएकी म्हणाल्या, "यंदा वाटतं, दुसऱ्या कोणीतरी केलेल्या शेवया खाव्यात. बसून. मध्ये न उठता."

"मी करते ना, ताई."

"तू नको. तू माझ्याइतकीच दमली आहेस. तुझ्या शेवया माझ्या घशाखाली उतरायच्या नाहीत."

मला राग आला. त्यांचा नव्हे. मी हात पुसले आणि पत्ते चालले होते तिथे गेले. त्यांचा मुलगा चंगशुन चिंगदाओ शहरातून सणाला आला होता. त्याची बायको टोलनाक्यावर कामाला, तिला सणाला सुट्टी नाही.

"चंगशुन, आज तुझ्या आईला सत्तर पूर्ण होतात. काही करणार आहेस?"

त्याने पानं खाली ठेवली, एवढं खरं. "काकू, जुन्या मोजणीने सत्तरी कधीच होऊन गेली. होऊन गेलेली सत्तरी करत नाहीत."

आमचे हे लगेच बोलले, "आणि कार्डाने बघितलं तर अजून व्हायची आहे, डिसेंबरात. तेव्हा करू की झोकात."

"शिवाय यंदा तीस तारीखच नाही," चंगशुन म्हणाला. "महिना एकोणतीसलाच संपतो. सलग दुसरं वर्ष. तिथीच नाही तर वाढदिवस कसला?"

"तिथी नाही, पण आई आहे ना तुला?" मी म्हटलं. दोघं हसले, मी चेष्टा केली असं समजून. पानं पुन्हा वाटली गेली.

जाऊबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. "कशाला गेलीस?" एवढंच म्हणाल्या आणि मासा तेलात सोडला. मग मीच बाहेर जाऊन युनश्याला फोन लावला. तू काहीतरी कर असं सांगायला नव्हे. कोणाकडे तरी चरफडायचं होतं.

दिवस मावळायला आला. पट टांगून झाला, उदबत्त्या लागल्या. डंपलिंगचं पाणी चुलीवर ठेवलं तोच फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बघते तर युनश्याची भाजीची व्हॅन. ती फाटकाच्या बाहेरच उभी होती, हातात झाकणाचा डबा, अंगावर सासरच्या स्वयंपाकाचा एप्रन तसाच.

"आत येत नाही काकू. घरी सांगितलंय, व्हिनेगर संपलंय, आणायला चाललेय. आईला बोलवा."

जाऊबाई हात पुसत आल्या आणि लेकीवर उखडल्या. "वेडी आहेस का? या वेळी सासर सोडून? सासू काय म्हणेल?"

"म्हणू दे. तुझ्या उंबऱ्यात पाय टाकला का मी? तू बाहेर ये. तुला बाहेर यायला कुठल्या पूर्वजांनी मना केलंय?"

जाऊबाईंनी घराकडे पाहिलं. आतून आवाज आला, "आई, पाणी उकळतंय." त्या जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. सवयीने पाय आतच वळले होते. मी त्यांच्या कमरेचा एप्रन सोडला आणि स्वतःला बांधला. मग त्या गेल्या.

व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून त्यांनी शेवया खाल्ल्या. वर अंडं होतं. युनश्या कोबीच्या टोपल्यांना टेकून बघत होती. अर्ध्यावर जाऊबाईंचे घास हळू झाले. मग डबा मांडीवर ठेवून त्यांनी मान मागे टाकली आणि झोपल्या, तोंड थोडं उघडं ठेवून. जागेपणी त्या इतक्या म्हाताऱ्या दिसत नाहीत.

युनश्याने डबा अलगद काढून घेतला. "काकू, या दिवशी आई दर वर्षी अशी असते?"

"तू लग्न झाल्यापासून हा दिवस पाहिला नाहीस ना," मी म्हटलं.

तिचा फोन वाजायला लागला. सासरहून असणार. तिने तो बंद केला, व्हॅनचा हीटर चालू केला आणि आपला कोट आईच्या पायांवर टाकला. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

मी आत आले. पाणी उतू जाऊन चूल विझायला आली होती आणि चंगशुन दारात उभा राहून इकडेतिकडे बघत होता.

"काकू, डंपलिंग सोडायचीत ना? आई कुठे आहे?"

"तिचा वाढदिवस आहे," मी म्हटलं. "ती जेवायला बाहेर गेलीय. झारा घे हातात."