नेल्सनच्या फाइलीतला राहिलेला शब्द

नेल्सन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आगाशीच्या बाजारात पत्रकं वाटत होतो. डेंग्यूचा ताप त्याने आठवडाभर अंगावर काढला... का काढला, ते कुणी छापणार नाही, म्हणून मी लिहितोय.

अर्नाळ्याच्या मच्छीमार घरातला हा माझा शाळेपासूनचा दोस्त. एका छोट्या कंपनीत बोटींवरच्या संकट-डब्यांचं सॉफ्टवेअर लिहायचा. बटण दाबलं की भोंगा वाजतो, किनाऱ्याला संदेश जातो. पण बटणाची हाक आधी इंटरप्ट कंट्रोलर नावाच्या चिपकडे जाते आणि ती प्रोसेसरला जागं करते. या चिपशी बोलताना बाईट सरळ क्रमाने मांडायचे की उलट्या, हे कर्नलला, म्हणजे डब्यातल्या सॉफ्टवेअरच्या गाभ्याला, आपोआप कळत नाही. हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. कंपनीने नवी स्वस्त चिप घेतली, ती उलट्या क्रमाची. नेल्सनने जुनीच फाइल पुढे चालवली. 'बिग-एंडियन', म्हणजे उलटा क्रम, एवढा एक शब्द राहिला आणि कर्नलने बटणाची वाट सोडून भलतीच वाट उघडली. कारखान्यातली तपासणी म्हणजे काय, तर हिरवा दिवा लागला की डबा पास! बटण कुणी दाबूनच पाहिलं नाही.

मग एका बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. बोट चालवणारा तांडेल दोन दिवस बटण दाबत राहिला. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं म्हणून माणसं वाचली. नेल्सनने चूक शोधून दुरुस्त फाइल कंपनीच्या साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, "पुढच्या मालात टाकू. विकलेल्यांचा बभ्रा नको."

मी भडकलो. "पत्रकच काढतो यांच्या नावाने!"

"काढ की," नेल्सन म्हणाला, "पण पहिलं नाव माझं टाक. फाइल माझीय."

मी पत्रक काढलं नाही. सगळ्या जगाला जाब विचारणारा मी, दोस्ताचं नाव छापायला कचरलो. त्याच्या आडून साहेबही सुटले.

तो मात्र बंदरावर जाऊन बोटीबोटीवर चढून डब्यांतली मेमरी कार्डं काढून दुरुस्त फाइलीची बसवत राहिला. अंगात ताप. आई ओरडली, "मेल्या, दवाखाना गाठ!" तर म्हणे, "पावसाळ्याची मासेमारीबंदी उठली की बोटी सुटतील, मग कुठं शोधू त्यांना?"

बंदी उठली, बोटी सुटल्या, आणि तो दवाखान्यातून परत आलाच नाही. त्याच्या खोलीत चार कार्डं उरली होती, प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर बोटीचं नाव.

परवा त्यातली एक बोट परतली. मी कार्ड घेऊन चढलो. तांडेल जाळं आवरत होता.

"तू कोन? नेल्सन कुठंय? तो येनार होता."

मी सांगितलं. त्याच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. मी कार्ड बसवलं आणि म्हटलं, "काका, दाबून बघा."

"आदी सांग, त्याला कुठं पुरला?"

मी चर्चच्या दिशेने हात केला. तो उठला, तिकडे तोंड करून उभा राहिला आणि मग त्याने बटण दाबलं. भोंगा वाजला. बराच वेळ त्याने बटणावरचं बोट उचललं नाही...

तीन बोटी अजून बाहेर आहेत.