पितृपक्षातली गाडी

पितृपक्षात कोणी गाडी घेत नाही. नवी तर नाहीच, जुनीही नाही. म्हणून तर ती आम्हाला परवडली. पण तेव्हा हा हिशेब माझ्या डोक्यात नव्हता. मला पितृपक्ष काय आणि पाडवा काय, सगळे दिवस सारखेच होते.

माझा नवरा आषाढात गेला. कंपनीतून शिफ्ट करून आला, चहा मागितला, आणि मी कप घेऊन बाहेर येईपर्यंत खुर्चीतच मान टाकलेली. जिवंत होता तोवर अहो-जाहो केलं, आता लिहिताना एकेरीवर आलेय. राग आहे म्हणून. पण हा रागसुद्धा अलीकडचा. त्या दिवसांत राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गाल आपला वाटेनासा होतो ना, तसं सगळं अंग झालं होतं. मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात ब्लाऊज शिवते. भेटायला येणाऱ्या बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मला त्यांच्या खांद्यावरची उसवलेली शिवण दिसायची. एकीला तर मी म्हटलंसुद्धा, "हा ब्लाऊज ठेवून जा, टाका मारून देते." ती बाई परत आली नाही.

अंगणात त्याने करून ठेवलेली ट्रॉली उभी होती. होडी ठेवायची ट्रॉली. उन्हाळाभर दर रविवारी तो भंगारातून लोखंडी अँगल आणायचा आणि वेल्डिंगवाल्याला घरी बोलवायचा. दोन चाकं, मध्ये होडीचं पोट बसेल असा खोलगट साचा, पुढे लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला गाडीच्या हुकात अडकवायची कडी. मी म्हणायचे, "अहो, होडी तिकडे पेणला, ट्रॉली इकडे रोह्याला, आणि ओढायला गाडीच नाही. ही काय तऱ्हा?" तो म्हणायचा, "गाडी बघतोय." बस्स, एवढंच. अर्धं सांगायचं आणि अर्धं पोटात ठेवायचं, ही त्याची जन्माची खोड.

होडी होती सासऱ्यांच्या दारात. पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव ते. पूर्वी तिथे भात पिकायचा, मिठागरं होती. मग बाहेरचा बांध फुटला, तो कोणी धड बांधला नाही, आणि शेतात तिवरं उगवली. आता उधाण आलं की पाणी थेट पायरीशी येतं. सासूबाई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच होते. मागच्या सर्वपित्री अमावस्येला पाणी घरात शिरलं तेव्हा ते बाजेवर पाय वर घेऊन बसले होते. तेव्हा निदान मुलगा रोह्याहून धावून गेला होता. ह्या वर्षी कोण होतं?

म्हणून तेराव्यानंतर मी म्हटलं, "बाबा, आता चला आमच्याकडे."

बाबा खाडीकडे बघत म्हणाले, "होरी आनशील तर येन." होडीला ते होरी म्हणतात, वेड्याला येरा. "आनि अंगनात शोभेला नको. पान्यात घालाला पायजे. नाय तर मी हितंच बरा हाय."

ट्रॉलीचा आणि ह्या अटीचा काही संबंध असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ट्रॉली आहे, म्हणजे आता गाडी हवी, एवढंच मला कळलं. लोकांनी विचारलं, भाड्याने का नाही नेत? विचारलं होतं ना! टेम्पोत होडी मावत नव्हती. ट्रॅक्टरवाला हायवेला यायला तयार नव्हता. आणि रोह्यात आणल्यावर अष्टमीच्या घरापासून कुंडलिका नदीच्या काठापर्यंत ती रोज खांद्यावर न्यायची का? कंपनीकडून थोडे पैसे आले होते. त्यात नवी गाडी येणार नव्हती, जुनी पिकअप येण्यासारखी होती. माझी लेक रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, गाडी चांगली चालवते. ती म्हणाली, "आई, सर्वपित्रीच्या आत आजोबांना आणायचं." मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

निघायच्या आधी मी माझा शिवणाचा टेप घेतला आणि ट्रॉली सपाट उभी करून जमिनीपासून कडीपर्यंतचं माप घेतलं. तिथे टेपला सेफ्टी पिन टोचली. हूक ह्या पिनेच्या उंचीला पाहिजे. हूक वर असला तर होडीचं नाक वर जाणार आणि शेपूट रस्त्याला घासणार; खाली असला तर उलटं. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. पुढून आखूड झालेला ब्लाऊज मागून उचलतो, तसंच ते.

पहिली गाडी रोह्यातच बघितली, जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे. केमिकलचे ड्रम वाहिलेली पिकअप होती ती. लेकीने हौद्यातलं रबर उचललं तर खालचा पत्रा चाळणी झालेला. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी पाणी आलं ते त्या वासाने. मी खाली बसून हुकाला टेप लावला. विकणारा हसला, "ताई, गाडीला ब्लाऊज शिवताय का?"

"तुमच्या गाडीला ब्लाऊज नाही, कफन लागेल," मी म्हटलं. लेक गालात हसली. हूक पिनेच्या बराच वर होता.

तो माणूस वाईट नव्हता. निघताना हळूच म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण पितृपक्ष चालू आहे. घटस्थापनेनंतर या, गाड्याही येतील चांगल्या."

"तोवर अमावस्या होऊन जाईल," मी म्हटलं. त्याला काय कळलं असेल देव जाणे.

दुसरी गाडी निडीला, स्टेशनच्या बाजूला. भाजी वाहणाऱ्याची. लांबून नवरीसारखी चमकत होती. जवळ जाऊन दाराच्या कडेला नखाने खरवडलं तर रंगाची खपली हातात आली, आत गंज. वरून साटीन आणि आत विरलेलं कापड. तरी इंजिन बरं होतं. लेकीने चालवून बघितली, क्लच बघितला, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले आणि म्हणाली, "आई, घासाघीस केली तर जमेल." मी टेप लावला. हूक खाली होता, चांगला वीतभर.

मालक म्हणाला, "त्यात काय एवढं? ट्रॉलीचा दांडा कापून वर जोडा. वेल्डिंगवाला चुटकीसरशी करून देईल."

"दांडा कापायचा नाही."

"अहो, पण..."

"नाही म्हटलं ना!"

स्टेशनच्या रस्त्यावर आल्यावर लेक चिडली. "आई, हुकासाठी गाडी सोडायची? गाडीचा हूक बदलता येतो, ट्रॉलीचा दांडा बदलता येतो. तू काय धरून बसलीयस?" तिचं बरोबर होतं. मला सांगता येईना. त्याने उन्हात बसून केलेल्या वस्तूला कोणी करवत लावलेली मला नको होती, इतकंच होतं ते. मी तिला म्हटलं, "भूक लागलीय, वडापाव खाऊ."

तिसरी गाडी लेकीला फोनवर दिसली, पेणची. गणपतीच्या कारखान्यातली पिकअप. आम्ही गेलो तेव्हा कारखाना रिकामा होता. सीझन संपलेला, फळ्यांवर दोन-चार न खपलेल्या मूर्ती, कोपऱ्यात हाताचे आणि सोंडेचे साचे, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. गाडीसुद्धा पांढरी झाली होती. हौद्यात अजून पेंढा होता. ही गाडी कधी जोरात पळवलेली नसणार, मागे गणपती ठेवून कोण पळवेल? लेकीने खालून-वरून बघितली. गंज होता, पण खरा होता, रंगाखाली दडवलेला नव्हता.

मी मागे जाऊन बसले आणि टेप सोडला. पिन हुकाला टेकली. बरोबर. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मी परत मोजलं.

कारखान्याचे मालक वयस्कर होते. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "असंच एक गृहस्थ बसले होते उन्हाळ्यात. तिथेच, गुडघे टेकून. त्यांच्याकडे सुतळी होती. हुकाचं माप घेतलं आणि सुतळीला गाठ मारली. मला म्हणाले, गणपती होईपर्यंत विकू नका, मी येतो. वडिलांना आणायचंय म्हणाले. वडील होडीशिवाय हलत नाहीत, म्हणून ह्या मापाची ट्रॉली करतोय. मी वाट बघितली हो. विसर्जन झालं तरी आले नाहीत, मग टाकली फोनवर." त्यांनी माझ्या टेपकडे बघितलं. "तुमच्या ओळखीचे का?"

लेक तोंड फिरवून मूर्तींकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

"हो," मी म्हटलं. "ओळखीचे."

मला तेव्हा काही वाटलं नाही. खरं सांगते. प्लास्टरच्या धुळीने हात खाजत होते, ते तेवढं कळत होतं. मालक म्हणाले, घटस्थापनेला न्या, चांगला दिवस. मी म्हटलं, "ज्याने ठरवली तोच पितरांत गेलाय. त्याला पितृपक्ष कसला आडवा येतोय?" मग त्यांना सगळं उमगलं. त्यांनी किंमत आणखी खाली आणली आणि मी ती घेतली. हार नाही, नारळ नाही. लेकीने ओल्या फडक्याने पुढची काच पुसली, आणि आम्ही गाडी घेऊन रोह्याला आलो. अंगणात ट्रॉलीची कडी हुकात घातली तर कट्‌कन बसली, जणू सवयीची होती.

अमावस्येच्या आदल्या दिवशी आम्ही बाबांच्या गावी गेलो. गावातल्या पाच-सहा जणांनी होडी उचलून ट्रॉलीवर ठेवली. साच्यात ती अशी बसली की बांधायची गरजच नव्हती, तरी त्यांनी काथ्याने आवळली. बाबा दारात उभे होते. जवळ आले, ट्रॉलीच्या अँगलवरून हात फिरवला, दांड्यावरून फिरवला.

"ही कदी बनवली त्यानं?"

"उन्हाळ्यात."

बाबांनी दांड्यावरचा हात काढला. मग खाली मान घालून म्हणाले, "मी नाय येवाचा म्हनून बोललो गो. पोरगा सारका ये ये करायचा. त्याला तोंडावर नाय कसा म्हनू? म्हनून बोललो, होरी आन मंग येन. होरी कशी येल? येवाची नाय म्हनून तर बोललो."

"आणि मला?"

"तुला पन तेच."

आणि इतक्या महिन्यांनी माझ्या अंगात काहीतरी पेटलं. "अहो बाबा, मग सरळ नाही म्हणायचं ना! तो माणूस उन्हाळाभर उन्हात लोखंड जोडत बसला! पेणला जाऊन परक्याच्या दारात गुडघे टेकून हूक मोजला! तुम्ही नाही म्हणालात आणि त्याला ते हो वाटलं! आणि मी पितृपक्षात गावोगाव टेप घेऊन फिरतेय! काढा होडी खाली! काढा! बसा इथेच बाजेवर पाय घेऊन!"

सगळं गाव बघत होतं. होडी उचलणारे हात खाली सोडून उभे राहिले. लेक फक्त एवढंच म्हणाली, "आई, पाणी चढतंय."

बाबा आत गेले. मला वाटलं, झालं, आता दार लावून घेणार. पण आढ्याला टांगलेली दोन वल्ही सोडवून ते बाहेर आले. वल्ही स्वतःच्या हाताने होडीत ठेवली. मागचं आणि पुढचं, दोन्ही दारं उघडी टाकली.

"कुलूप?" मी विचारलं.

"कुलूप कशाला? पानी येल तसा जाल," ते म्हणाले आणि गाडीत मधल्या जागेवर जाऊन बसले.

लेकीने गाडी काढली. मी खिडकीशी होते. बांधाचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मी बाहेरच्या आरशात बघत होते, आता होडी हलेल, आता शेपूट घासेल. पण होडी सपाट येत होती. ना नाक वर, ना शेपूट खाली. गाडीच्या मागून पाण्यावरून यावी तशी सरळ येत होती. त्याने बेतलेलं माप बरोबर होतं. मग मी रडले. वडखळ येईपर्यंत रडले, तोंडाला पदर न लावता, शेंबूड पुसत, ओरडून. लेकीने गाडी जराशी हळू केली.

नागोठणं मागे पडल्यावर बाबा समोर बघत म्हणाले, "येराच व्हता गो तो."

"व्हय बाबा," मी म्हटलं. "येराच."