न फाडलेली पानं

बी.ए.ला पब्लिक फायनान्सचा पेपर होता आणि माझ्याकडं पुस्तक नव्हतं. कॉलेज पुण्याला, मी सुटीत सोलापूरला. सरांनी दोन पुस्तकं सांगितली होती. त्यातलं एक निवडा आणि नीट वाचा म्हणाले. गावात ती दोन्ही एकाच घरी होती. माझ्या पुढच्या वर्गातला एक मुलगा तापानं गेला होता, त्याच्या आईकडं. सगळे तिला अव्वा म्हणत, मीही म्हणायचो.

भर दुपारी गेलो. गिरणीचा भोंगा होऊन गेला होता आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. अव्वानं दोन्ही पुस्तकं पुढं ठेवली. एक पातळ, सोपं, विलायतेच्या अंदाजपत्रकावर. दुसरं विटेएवढं, शेतसारा, मिठावरचा कर, जकात, सगळं आपल्याकडचं. परीक्षा जवळ आलेल्या शहाण्यानं पातळ घेतलं असतं. मी जाड घेतलं, कारण ते काखेत मारून चौकातून चाललं की माणूस विद्वान दिसतो.

त्या काळी विलायतेत छापलेल्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत. वाचणारा चाकूनं फाडत पुढं जाई. हेही तिकडंच छापलेलं, आणि निम्म्यापर्यंतच फाडलेलं होतं.

"फाडलेली पानं तू वाच," अव्वा म्हणाली. "बाकीची त्याची हायत. दुपारचं येऊन वाचत बसतो. समदं वाचून झालं, तर मग कशाला येईल?"

मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारी भ्रमली. तेवढ्यात आतल्या खोलीत कागद चिरल्याचा आवाज झाला. सावकाश, टोकापर्यंत जाऊन थांबलेला. घरात आम्ही दोघंच, आणि पुस्तक तर माझ्या हातात होतं. अव्वानं तिकडं पाहिलंही नाही. मी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ध्यानात आलं की चपला अजून हातातच आहेत.

फाडलेली पानं मृताच्या मालमत्तेवरील कराशी संपत होती. जकात पुढं, जोडलेल्या पानांत. तांब्याच्या तळाशी काय पडलंय ते बघावं तसं दोन पानांत डोळा घालून वाचू लागलो. मान धरली. शेवटी, ज्याला परीक्षाच द्यायची नाही त्यानं पुस्तक अडवून ठेवू नये, असा अर्थशास्त्रीय विचार करून मी स्वयंपाकघरातला चाकू आणला आणि शेवटच्या पानापर्यंत सगळं फाडून काढलं. जकातीवर प्रश्न आलाच नाही, ही पुढची गोष्ट.

पुस्तक परत दिलं तेव्हा अव्वानं कडेवरून बोट फिरवलं.

"शेवटापत्तुर केलंस व्हय," एवढंच म्हणाली.

रागावली असती तर बरं झालं असतं. आम्ही बसून राहिलो. भोंगा वाजला, विरला. आत काहीच नाही. त्या आवाजानं मी पळालो होतो. आता तो यावा म्हणून कान लावून बसलो होतो.

घरी परीक्षेचं नाव सांगून मी मुंबईहून त्याच पुस्तकाची कोरी प्रत मागवली. आली त्याच दुपारी नेऊन आतल्या खुर्चीवर ठेवली, एकही पान न फाडता. पुन्हा बाहेर बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मी उठू लागलो, तसा अव्वानं माझा हात घट्ट धरला.

"बस की. नवं पुस्तक हाय. पयल्या पानापासनं धरंल तो."

मी बसलो. आत काही वाजलं की मला तसं वाटलं, आजही सांगता येत नाही. अव्वानं मात्र माझा हात सोडला.