मान हलवली म्हणजे हो नव्हे

आमचे बाबा म्हणजे यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेला माणूस. त्या खडखडाटात कुणी तोंडाने बोलत नाही. ओठ वाचायचे, हातवारे करायचे, आणि समोरच्याने मान डोलावली की समजायचं, याचं आपल्याकडे लक्ष आहे. त्या मानेचा अर्थ एवढाच. बाबांच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता; बाबांनी मात्र दिला नव्हता.

मग एक दिवस साहेबांनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. साहेब कागदात डोकं घालून बोलत राहिले. ओठच दिसेनात, तर बाबांना कळणार काय? त्यांनी सवयीने मान डोलावली आणि साहेबांनी बोट ठेवलं तिथे सही केली. तो राजीनामा निघाला. काम कमी झालं म्हणे. बाबांसकट तिघांना घरी बसवलं, तिघेही कानांनी अधू. आठवड्यात त्यांच्या मागांवर नवी माणसं उभी राहिली. योगायोगसुद्धा बघा, किती पारखून माणसं निवडतो.

आई रडली नाही, मी भांडले नाही. घरातले सगळेच बधिर झालो होतो. बाबा सकाळी डबा मागायचे, मग आठवून भिंतीकडे बघत बसायचे. शेजारच्या काकांनी शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकवलं. मी शहाणी नाही. कामगार कार्यालयात अर्ज केला.

सुनावणीला कंपनीचा माणूस म्हणाला, "ते राजीखुशीने गेले. विचारल्यावर हो म्हणाले."

अधिकारी बाईंनी फाईल तोंडासमोर धरली आणि विचारलं, "काका, मी तुमची सासू आहे का?"

बाबांनी अदबीने मान डोलावली.

कंपनीचा माणूस हसला, मग घाईघाईने आपले कागद चाळू लागला. बाई त्याला म्हणाल्या, "यांना काही ऐकूच आलं नव्हतं. ती सही मी धरत नाही. आता काढायला नेमके हे तिघेच कसे सापडले, ते पुढच्या तारखेला सांगा."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सगळ्यांसमोर डोललेली ती मान तेवढी दिसत राहिली.

जिन्यात बाबा थांबले. "बाई काय विचारत होत्या गं?"

मी समोर उभी राहिले, ओठ नीट हलवले. "चहा घेणार का, म्हणाल्या."

बाबांनी मान डोलावली. दोन पायऱ्या उतरून म्हणाले, "मग दिला का नाही?"