चहा कशावर केला?

पाहुण्यांचा चहा पिऊन झाल्यावर तो कशावर केला हे सांगायचं नसतं, एवढं ज्ञान मला वयाच्या तिसाव्या वर्षी झालं.

त्या काळात मी पर्यावरणानं झपाटलो होतो. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात एक साहेब व्याख्यान द्यायला आले, आणि त्या दिवसापासून मी घरच्यांना सुखानं जगू दिलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद. अंघोळीचं पाणी केळीला. भाजी धुतलेलं पाणी म्हशींना. (म्हशींनी हुंगून तोंड फिरवलं. त्यांनी व्याख्यान ऐकलं नव्हतं.) मग घरामागच्या परड्यात गोबर गॅसची टाकी बांधली. आमचं घर कोल्हापूरच्या कडेला, दारात दोन म्हशी, त्यामुळं इथवर सगळं ठीक होतं. पण दोन म्हशींचं शेण पुरेना. म्हणून मी घरचा संडासही त्याच टाकीला जोडला!

आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी तोडगा निघाला: देवाचा नैवेद्य रॉकेलच्या स्टोव्हवर, माणसांचं जेवण गॅसवर.

अशातच माझ्या धाकट्या बहिणीला, सविताला, मलकापूरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. याआधीची सगळी स्थळं तिनं नाक मुरडून परत पाठवली होती, पण याचा फोटो बघून ती चक्क लाजली. (आमची सविता! रिक्षावाले जिला बघून गल्ली बदलतात ती!) पाहुणे यायच्या आधी तिनं मला कोपऱ्यात घेतलं.

"दादा, पावण्यांचा चहा स्टोव्हवर करायचा. आणि तू बोलायचं न्हाय."

"का? मी काय वाईट बोलतो व्हय?"

"वाईट न्हाय. लई बोलतोस!"

मी कबूल केलं. पण ऐन वेळी स्टोव्ह रुसला. आई पिना मारून मारून दमली, पाहुणे दारात आले, आणि चहा मुकाट्यानं गॅसवर चढला.

मुलाचे वडील म्हणजे भारदस्त गडी. पांढरा फेटा, भरघोस मिशा. चहा संपवून त्यांनी मिशा पुसल्या. "चहा झकास झालाय की! आमच्याकडं सिलिंडरची लई बोंब. नंबर लावून बसायचं नुसतं."

"आम्ही नंबरच लावत न्हाय," मी म्हणालो.

पोह्यांच्या बशा गोळा करणारा सविताचा हात थांबला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की शहाणा माणूस तिथंच गप्प झाला असता.

"मग ओ?"

"घरचा गोबर गॅस हाय!"

"वा! म्हशी किती?"

"दोन."

पाहुणे पडले शेतकरी. त्यांनी मान हलवली. "दोन म्हशींत एवढ्या घराचा सैपाक? न्हाय पुरायचा."

माझ्या टाकीचा अपमान! मला राहवेना. "म्हशी दोनच हायत, पावणं. पण घरात माणसं सात हायत की!"

मास्तरांना आधी उमगलं. (शिकलेला माणूस!) त्यांनी कप अलगद खाली ठेवला. त्यांच्या आईच्या तोंडात मात्र दुसऱ्या कपाचा घोट होता. तो गिळावा की काय करावं, हे त्यांना ठरवता येईना.

"म्हंजे?" फेटेवाल्यांनी विचारलं.

आता मी सावरून घेतलं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! मी पाइप, टाकी, झाकण, सगळं हातवारे करून समजावलं. वर विचारलं, "तुमाला चहाला वास आला का? न्हाय ना? हेच तर शास्त्र!"

सविता आत निघून गेली. आतून तिच्या हुंदक्यांचा आवाज आला तेव्हा कुठं माझं शास्त्र थांबलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, तीही फुकटची.

फेटेवाले चुळबुळ करत उठले. "मी जरा मागं जाऊन येतो."

इतका वेळ गप्प बसलेल्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं की आता आपण पाहुण्यांना आपलेपणा दाखवावा. ते मोठ्यानं म्हणाले, "जावा की पावणं! अनमान करू नका! तेवढीच गॅसला भर!"

फेटेवाले परत बसले. "नको. मलकापूर काय लांब न्हाय."

(एसटीनं तासाभराहून जास्त वेळ लागतो.)

त्यानंतर सविता माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पण माझ्याकडं बघायची नाही. मी टाकीपाशी जाऊन बसायचो आणि स्वतःलाच शिव्या घालायचो. तिचा संसार मांडण्याआधीच मी मोडला होता.

आणि एक दिवस मलकापूरहून निरोप आला: पोरगी पसंत! मास्तर हट्टाला पेटले होते. बैठकीत फेटेवाले म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. आमची मागणी एकच. लग्नात पोरीच्या भावानं तोंड उघडायचं न्हाय."

"हळदीपासनं पाठवणीपर्यंत," आतून सविताचा आवाज आला.

मी शब्द पाळला. नमस्कार हातानं, स्वागत मानेनं, आग्रह बोटांनी. पंगतीत मी जिलबी वाढत होतो तेव्हा नवरीशेजारी बसलेली वरपक्षाची एक म्हातारी हळहळली, "पोरगी सोन्यासारखी हाय, पण भाऊ मुका हाय गं बिचारा!"

"व्हय मावशी," सविता म्हणाली, "जन्मापासनंच." आणि माझ्याकडं बघून ती हसली. चहाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

जन्मापासून नाही, हे मावशींना शास्त्रशुद्ध समजावून सांगायला मी तोंड उघडलं, आणि वेळीच त्यात जिलबी कोंबली.